मिनिटाला तीन अंश

गोव्यातल्या वेर्ण्याच्या पठारावरून रात्री गाडीने जाताना औषध कंपन्यांच्या गुणवत्ता विभागांचे दिवे लागलेले दिसतात. आत माणसं मोजकीच असतात, काम चालू असतं ते यंत्रांचं. त्यांत गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे वाफ झालेल्या मिश्रणातले पदार्थ एकेक करून सुटे करणारं यंत्र, हमखास असतो. त्याचा ओव्हन ४० अंश सेल्सिअसवरून २४० अंशांवर चढतो, थोडा थांबतो, मग मागची झडप उघडून पंख्याने स्वतःला थंड करत खाली येतो, पुढची कुपी घेतो आणि पुन्हा चढायला लागतो. एका फेरीला तासभर, शिवाय थंड होण्याचा वेळ वेगळा. सकाळच्या शिफ्टला आलेल्या मुलीसमोर रात्रभराचे आलेख ओळीने तयार असतात आणि तिचा अर्धा दिवस त्यांच्यावरची टोकं, म्हणजे एकेक पदार्थ बाहेर पडताना आलेखाने घेतलेल्या उसळ्या, तपासण्यात जातो.

मी आधी तशीच मुलगी होते, पुढे तशा मुलींची कामं तपासणारी झाले, आणि आता निवृत्तीनंतर फोंड्याच्या बाजूला एका मैत्रिणीच्या महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेत हौसेपोटी लुडबुड करते. या यंत्राचं कौतुक नेहमी चुकीच्या भागाच्या वाट्याला येतं, असं माझं जुनं मत आहे. पाहुणे आले की त्यांना बाहेर पडणारा पदार्थ टिपणारा डिटेक्टर दाखवतात. रेणूंच्या तुकड्यांची वजनं मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेला असेल तर मग विचारूच नका. संगणकाच्या पडद्यावर क्षणात नाव उमटतं आणि पाहुणे थक्क होतात. ओव्हनकडे कुणी ढुंकून पाहत नाही. दिसायलाही तो घरच्या ओव्हनसारखाच, आत तारेच्या पिंजऱ्यावर तपकिरी दोऱ्यासारखी एक नळी गुंडाळलेली. पण मिश्रणाला प्रश्न विचारायचं काम तो करतो. डिटेक्टर फक्त उत्तर लिहून घेतो.

ती नळी म्हणजे कॉलम. साधारण ३० मीटर लांब, आतला व्यास पाव मिलिमीटर, आणि आतल्या भिंतीला पाव मायक्रोमीटर जाडीचा सिलिकॉन जातीच्या द्रवाचा लेप. एका टोकाला नमुना सुईने टोचायचा, एक मायक्रोलिटर. तोही सगळा आत जात नाही. तापलेल्या इंजेक्टरमध्ये त्याची वाफ होते आणि पन्नासातला एखादा भाग कॉलमात शिरतो, बाकीचा बाहेर सोडून देतात. मागून हेलियम, हायड्रोजन किंवा नायट्रोजन संथपणे ढकलत असतो. आता गंमत अशी की वायूत असताना सगळे रेणू सारख्याच वेगाने पुढे जातात, जड असोत की हलके. फरक पडतो तो लेपात विरघळून बसण्यात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका टोकाने सगळे एकदम शिरले तरी कुणी थेट बस स्टँडवर निघतो, कुणी चोरीस (गोव्याचे सॉसेज) आणि सुक्या मिरच्यांपाशी रेंगाळतो, कुणी प्रत्येक मडक्यावर टिचकी मारून पाहतो. चालण्याचा वेग सगळ्यांचा सारखाच, बाहेर पडण्याची वेळ मात्र ज्याच्या त्याच्या रेंगाळण्यावर.

रेंगाळणं तापमानावर अवलंबून असतं, आणि तेही फार तीव्रपणे. ओव्हन साधारण वीसेक अंशांनी वाढवला की बऱ्याचशा पदार्थांचं लेपात बसून राहणं निम्म्यावर येतं. चाळीस अंशांनी पाव. म्हणजे तापमान हा या यंत्रातला सगळ्यात ताकदीचा खटका आहे. वायूचा दाब बदला, कॉलमची लांबी बदला, फरक पडतो. पण तापमानाइतका कशानेच नाही.

मग अडचण काय? औषधात राहून गेलेल्या द्रावकांची तपासणी घ्या. गोळीतलं औषध बनवताना वापरलेलं डायक्लोरोमिथेन ४० अंशांना उकळतं, मिथेनॉल ६५ ला, टोल्युईन १११ ला, डायमिथाइल फॉर्मामाइड १५३ ला. ओव्हन ४० अंशांवरच ठेवला तर पहिली मंडळी सुटी सुटी, नीट अंतर राखून बाहेर येतात. पण फॉर्मामाइडची वाट पाहत बसावं लागतं, आणि तो येतो तेव्हा इतका पसरट होऊन येतो की आलेखावर टोक आहे की फुगवटा, हे कळत नाही. थोडंसंच असेल तर आलेखाच्या तळरेषेत, बेसलाइनमध्ये, बुडून जातं. ओव्हन १२० वर ठेवला तर फॉर्मामाइड झटपट आणि टोकदार येतो, पण मिथेनॉल, ॲसिटोन, डायक्लोरोमिथेन सगळे दाराशी एकच घोळका करून निघून जातात. मधलं एखादं तापमान निवडलं तर दोन्हीकडच्यांवर थोडा थोडा अन्याय. स्थिर तापमानाला ही कोंडी सुटत नाही. मिश्रणातल्या पदार्थांच्या उत्कलनबिंदूंची पट्टी जितकी रुंद, तितकी ती घट्ट होत जाते.

तोड अशी की तापमान स्थिर ठेवायचंच नाही. अमेरिकी औषधकोशातल्या द्रावक तपासणीच्या पहिल्या पद्धतीत ओव्हन ४० अंशांवर २० मिनिटं थांबतो, मग मिनिटाला १० अंशांनी २४० वर जातो आणि तिथे पुन्हा २० मिनिटं थांबतो. नव्या मुलींना सुरुवातीची ती २० मिनिटं फुकट गेल्यासारखी वाटतात. एकीने मला विचारलं होतं, "मॅडम, हो कितें करता थंय इतलो वेळ?" मी तिला पडद्यावर बोट ठेवून मोजायला लावलं. मिथेनॉल, ॲसिटोनायट्राइल, डायक्लोरोमिथेन, हेक्झेन: अर्धी वरात त्या थांबलेल्या काळातच निघून गेली होती. औषधात मिथेनॉल दशलक्ष भागांत ३००० पर्यंत चालतं, ॲसिटोनायट्राइल ४१०, आणि बेंझिनला फक्त २. शेजारी कुणी मोठं टोक काढून बसला असेल तर बेंझिनचं ते इवलंसं टोक त्याच्या सावलीत गडप होणार. थांबणं तिथे चैनीसाठी नसतं.

आणि चढ सुरू झाल्यावर आत काय चालतं, ते मला अजूनही सुंदर वाटतं. जड पदार्थ कॉलमच्या तोंडाशीच लेपात जवळजवळ गोठून बसलेले असतात. ओव्हन तापत असतो, हलके लोक पुढे पळत असतात, हे मात्र जागचे हलत नाहीत. मग त्यांच्या सोसण्याची हद्द जवळ येते. थोडे हलतात. वीसेक अंशांनी वेग दुप्पट, आणखी वीस अंशांनी चौपट. शेवटच्या टप्प्यात प्रत्येकजण जवळपास सारख्याच वेगाने धावत दाराबाहेर पडतो, मग तो पाचव्या मिनिटाचा असो की पन्नासाव्या. त्यामुळे टोकांची रुंदीही जवळपास सारखी राहते. सुरुवातीच्या टोकाइतकंच शेवटचं टोक सडपातळ, हे स्थिर तापमानात कधी बघायला मिळत नाही. आणखी एक होतं. एकाच घराण्यातले पदार्थ, म्हणजे कार्बनच्या सरळ साखळ्या, स्थिर तापमानात एकेक कार्बन वाढला की पटीपटीने दूर जातात. चढत्या तापमानात त्या जवळपास समान अंतरावर येतात, शिडीच्या पायऱ्या असाव्यात तशा. ही शिडी पुढे कामाला येणार आहे.

हे सगळं सुचायला वेळ लागला, आणि का लागला ते त्या काळची यंत्रं पाहिली की कळतं. १९४१ मध्ये आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी लीड्समध्ये लोकरीच्या संशोधन संस्थेत काम करताना लिहून ठेवलं होतं की ढकलणारा घटक द्रवच हवा असं नाही, वायूही चालेल. द्रवावरच्या त्या कामासाठी १९५२ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. वायूबद्दलची सूचना मात्र दहाएक वर्षं तशीच पडून होती. शेवटी मार्टिननेच ए. टी. जेम्सला हाताशी धरून, लंडनच्या मिल हिलमधल्या संस्थेत, मेदाम्लं वेगळी करून दाखवली, त्याच १९५२ साली. त्यांचा कॉलम उकळत्या द्रवाच्या वाफेच्या आवरणात उभा असे. तापमान स्थिर राखण्याची ती नामी युक्ती होती, कारण उकळता द्रव आपलं तापमान सोडत नाही. पण त्याच युक्तीमुळे तापमान चढवण्याची सोय उरत नव्हती. चढत्या तापमानाच्या खटपटी त्याच सुमाराला सुरू झाल्या होत्या. तरी ती पद्धत म्हणून बसवली ड्युपाँट कंपनीतल्या स्टीफन डाल नोगारे आणि बेनेट यांनी, १९५८ मध्ये. पुढच्याच वर्षी एफ अँड एम नावाच्या एका छोट्या अमेरिकी कंपनीने तापमान चढवणारं यंत्र बाजारात आणलं, आणि १९६५ मध्ये ह्यूलेट-पॅकर्डने ती कंपनी विकत घेतली. जाड भरीव कॉलमऐवजी आतून पोकळ, केसासारखी नळी वापरावी हा विचार मार्सेल गोलेचा, १९५७ चा. ती नळी आज आपण वापरतो तशी, वाकवली तरी न तुटणाऱ्या शुद्ध सिलिकाची, व्हायला १९७९ उजाडलं. त्याआधी काचेचे कॉलम बसवणाऱ्यांचे हाल माझ्या वरिष्ठांकडून ऐकलेत. बोटं जपून.

फुकट काहीच मिळत नाही. ओव्हन तापला की कॉलमातला लेप स्वतःच थोडा थोडा तुटून वाहू लागतो आणि आलेखाची जमीनच वर चढायला लागते. मास स्पेक्ट्रोमीटरवर २०७ हा आकडा दिसला की ओळखावं, हा आपला नमुना नव्हे, हे कॉलमचं रडणं. म्हणून रिकामी फेरी, ब्लँक, आधी. नमुना न टोचता तोच चढ, तोच उतार. घाईत असलेल्या कारखान्यात सगळ्यात आधी काट मारली जाते ती या ब्लँकवर, आणि मग इंजेक्टरच्या रबरी चकतीतून आलेल्या एखाद्या टोकावरून तीन विभागांत पत्रापत्री होते. मी ती पत्रं वाचली आहेत.

गोव्यात बसून वेगळं करण्याच्या शास्त्राबद्दल लिहायचं आणि फेणीच्या भट्टीवर जायचं नाही, हे जमणार नाही. मार्च-एप्रिलमध्ये सत्तरी, काणकोण, पेडण्याकडे काजूच्या बोंडांचा वास हवेत असतो. बोंडं तुडवून, पिळून रस काढतात, तो आंबवतात, भाणात, म्हणजे भट्टीवरच्या मोठ्या भांड्यात, घालून खाली आग लावतात, वाफ नळीतून लावणी नावाच्या दुसऱ्या भांड्यात जाते आणि थंड होऊन ठिबकते. पहिल्या उकळीचा हुर्राक सौम्य, साधारण १५ टक्क्यांचा. तो पुन्हा रसात मिसळून उकळला की फेणी, चाळिशीच्या वर. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भट्टीवरचा जुना माणूस आग कमी-जास्त करतो तेव्हा तो तापमानच चालवत असतो. आधी येणारं, मधलं आणि शेवटचं यांतला फरक तो नाकाने ठरवतो.

मार्टिन आणि सिंज यांनी आपल्या कॉलमची ताकद मोजायला एकक उचललं ते ऊर्ध्वपातनातूनच: थिअरॉटिकल प्लेट. एका प्लेटला द्रव आणि वाफ यांचा एकदा हिशेब होतो. साध्या भाणाला जवळपास एकच प्लेट. तेलशुद्धीकरणाच्या मनोऱ्यात डझनावारी. आणि आमच्या ३० मीटर नळीत एक लाखाच्या घरात. भाणात इथेनॉल आणि इथाइल ॲसिटेट एकमेकांपासून पुरती सोडवता येत नाहीत, कारण एक ७८ अंशांना उकळतं आणि दुसरं ७७ ला. उकळण्याच्या हिशेबाने ती जुळी भावंडं. पण सिलिकॉनच्या कॉलमावर इथेनॉल खूप आधी निघून जातं. त्या तेलकट लेपाशी त्याचं जमतच नाही, इथाइल ॲसिटेट मात्र रमतं. तीच फेणी मेणासारख्या ध्रुवीय लेपाच्या कॉलमात घातली तर क्रम उलटतो, ॲसिटेट आधी आणि इथेनॉल मागून. तेव्हा कुणी तुम्हाला सांगितलं की गॅस क्रोमॅटोग्राफी म्हणजे उत्कलनबिंदूंची रांग, तर मान डोलवू नका. निम्मं खरं आहे ते. उरलेलं निम्मं लेपाच्या आवडीनिवडीत आहे, आणि ओव्हन जितका तापेल तितक्या त्या आवडीनिवडी बोथट होतात. म्हणून घाईने चढवलेला ओव्हन फक्त वेळ वाचवत नाही, जवळच्या दोघांतला फरकही पुसून टाकतो.

हे मला नीट उमगलं ते औषधांपेक्षा तिरफळांमुळे. चतुर्थीच्या सुमाराला फोंड्याच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या फळापानांच्या छताचं, सामान येतं, सुपारीचे शिपटे, तोरिंगं, आंबाडे, आणि त्यांच्याच आसपास हिरव्या तिरफळांचे घोस. बांगड्याच्या हुमणात, म्हणजे कालवणात, तिरफळ नसेल तर आमच्या घरी ते हुमण समजत नाहीत. ती ठेचून, फार न उकळता घालायची असा आईचा दंडक. मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत आम्ही तिरफळांच्या साली पाण्यासोबत उकळून त्यांचं तेल काढलं, वर तरंगलेला तो पातळ थर हेक्झेनमध्ये पातळ केला आणि टोचला.

आधी तिने घाईचा चढ लावला होता, मिनिटाला दहा अंश. आलेख छान दिसत होता, वीस-बावीस मिनिटांत सगळं उरकलं. संगणकाने पहिल्या मोठ्या टोकाला नाव दिलं: बीटा-पायनीन, जुळणी उत्तम. मैत्रीण खूश. मला ते टोक जरा जाड वाटलं, खांद्याशी किंचित झुकलेलं. टर्पिनवर्गातले हे हलके पदार्थ, पायनीन, साबिनीन, लिमोनीन, मिरसीन, सगळ्यांचं सूत्र एकच: दहा कार्बन, सोळा हायड्रोजन, वस्तुमान १३६. मास स्पेक्ट्रोमीटर रेणूचे तुकडे करून त्या तुकड्यांवरून ओळख पटवतो, आणि यांतल्या बऱ्याच जणांचा सगळ्यात मोठा तुकडा ९३ वजनाचा. साबिनीन आणि बीटा-पायनीन यांचे ठसे शेजारी ठेवले तर सराईत डोळ्यालाही विचार करावा लागतो. साठवलेल्या ठशांच्या संग्रहाशी ताडून नाव सांगणाऱ्या संगणकाला लाज नसते. तो नेहमी काहीतरी नाव देतोच.

मग आम्ही चढ संथ केला. साठपासून २४० पर्यंत, मिनिटाला तीन अंश, पुरता एक तास. वनस्पतींच्या तेलांसाठी जगभर साधारण हाच चढ वापरतात, आणि त्याला कारण आहे: बहुतेक प्रकाशित आकडे याच चढावर मोजलेले असतात. जाड टोक दुभंगलं. मोठा भाग आधी आला, त्याच्या मागोमाग एक बारकं टोक.

आता नावं कशी द्यायची? इथे ती शिडी येते. सरळ साखळीच्या अल्केनांचं मिश्रण, नऊ कार्बनपासून वीसेकपर्यंत, त्याच चढावर वेगळं चालवायचं. नऊ कार्बनच्या नोनेनला ९०० म्हणायचं, दहाच्या डिकेनला १०००, अकराच्याला ११००. मग आपलं टोक कोणत्या दोन पायऱ्यांच्या मध्ये, किती वाटेवर पडतं ते मोजायचं. समजा डिकेन १२ मिनिटांवर आलं आणि अंडिकेन १६ वर. आपलं टोक १४ वर असेल तर त्याचा आकडा १०५०. ही कल्पना एर्विन कोव्हाट्स यांची, १९५८ ची, पण त्यांचं सूत्र स्थिर तापमानासाठी होतं आणि त्यात लॉगरिदम होते. चढत्या तापमानात पायऱ्या समान अंतरावर येतात म्हणून साधं त्रैराशिक पुरतं, हे व्हॅन डेन डूल आणि क्राट्झ यांनी १९६३ मध्ये मांडलं. शाळेतलं त्रैराशिक, बस्स. आमच्या मोठ्या टोकाचा आकडा ९७० च्या जवळ आला आणि मागच्याचा त्याहून पाचेक अंकांनी पुढे. म्हणजे मोठं साबिनीन आणि धाकटं बीटा-पायनीन. संगणकाने धाकट्याचं नाव थोरल्याला दिलं होतं.

उलटंही होतं. लिमोनीन आणि सिनिओल, निलगिरीच्या तेलात असतं ते, या दोघांचे आकडे अशा कॉलमवर १०३० च्या आसपास जवळजवळ एकमेकांवर पडतात. तिथे त्रैराशिक हात टेकतं. पण लिमोनीनचं वस्तुमान १३६, त्याचा ठळक तुकडा ६८. सिनिओलचं १५४, तुकडे ४३ आणि ८१. तिथे मास स्पेक्ट्रोमीटर एका फटक्यात निकाल लावतो. वेळ आणि वजन, दोघांची साक्ष जुळली तर नाव लिहायचं, नाहीतर आकडा लिहून पुढे जायचं. पुढे टर्पिनेन-४-ऑल ११७७ च्या जवळ दिसलं, ते ठीक. चौदाशेच्या वरच्या पट्ट्यात, पंधरा कार्बनवाल्या सेस्क्विटर्पिनांच्या गर्दीत, आम्ही बऱ्याच टोकांसमोर नुसते आकडेच ठेवले. मैत्रिणीला ते अपुरं वाटलं. मला विचाराल तर अहवालात आकडा असणं हे चुकीचं नाव असण्यापेक्षा कितीतरी बरं, आणि या विषयातल्या लांबलचक नावांच्या याद्या मी म्हणूनच संशयाने वाचते.

अजून एक. तिरफळाने जीभ झिणझिणते ती कशाने, हे त्या तासाभराच्या आलेखात कुठेच नव्हतं. तिरफळाच्या भाऊबंदांत, म्हणजे चिनी सिचुआन मिरीत, ते काम सान्शूल नावाची अमाइडं करतात. ती जड आणि नाजूक, तेल काढताना वाफेबरोबर येत नाहीत. ओव्हन कितीही चढवा, जे वाफ होऊन शिरलंच नाही ते बाहेर कुठून येणार? गॅस क्रोमॅटोग्राफ वासाचा जाणकार आहे. चवीच्या बाबतीत त्याला गप्प बसावं लागतं.

मे महिना सरत आला की कोलवा, बाणावली, मोरजीच्या वाळूवर डांबराचे गोळे, म्हणजे समुद्रात सांडलेल्या तेलाचे काळे चिकट गोळे, दिसायला लागतात. वारा फिरतो आणि समुद्र आपल्या अंगावरचं किनाऱ्यावर टाकतो. पायाला लागलं की साबणाने निघत नाही, खोबरेल तेल चोळावं लागतं. दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी या गोळ्यांचा माग काढायचं काम केलं आहे, आणि त्याचं मुख्य हत्यार पुन्हा हेच.

कच्चं तेल हे मिश्रणांतलं मिश्रण. हजारो पदार्थ, मिथेनपासून डांबरापर्यंत. त्याला स्थिर तापमानाचा कॉलम दाखवणं म्हणजे थट्टा. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये दोना पावलजवळ नु शी नलिनी नावाचं जहाज येऊन रुतलं तेव्हा त्यात नाफ्था होतं, म्हणजे शिडीच्या खालच्या पायऱ्यांवरचा हलका माल; ते सांडलं असतं तर बराचसा भाग हवेत उडून गेला असता, आणि त्याचा नमुना चालवायचा तर ओव्हन अगदी खालून सुरू करावा लागला असता. डांबराच्या गोळ्याचं उलट. त्यातलं हलकं सगळं केव्हाच उडालेलं असतं. उरलेल्याची कथा वरच्या पट्ट्यात, ३०० अंशांच्या आसपास असते.

गोळ्याचा आलेख पाहिला की आधी निराशा होते. टोकं तुरळक, आणि त्यांच्याखाली एक भला मोठा फुगवटा, टेकडीसारखा. तो फुगवटा म्हणजे एकमेकांपासून न सुटलेल्या हजारो पदार्थांची बेरीज. लाख प्लेटांनाही तो दाद देत नाही. दोन वेगळ्या स्वभावाचे कॉलम एकामागोमाग जोडून प्रत्येक तुकडा दुसऱ्यात पुन्हा उलगडायची पद्धत १९९० च्या दशकापासून आहे, तिने तो बराच फुटतो; पण ती यंत्रं महाग. बहुतेकांना टेकडी पत्करूनच काम करावं लागतं, आणि टेकडीही बोलते. जीवाणू सरळ साखळ्या आधी खातात, फांद्या असलेल्या मागे ठेवतात. सतरा कार्बनच्या सरळ अल्केनाला लागूनच प्रिस्टेन येतं, अठराच्याला लागून फायटेन. ही दोघं फांद्यांची. ताज्या तेलात बहुधा सरळ शेजारी उंच असतो. गोळ्यात प्रिस्टेन आणि फायटेन वरचढ दिसले की समजावं, हा माल बराच काळ समुद्रात भिजला आहे, आणि टेकडीही तितकीच फुगलेली असते.

पण कुठल्या तेलाचा, हे त्यावरून कळत नाही, कारण खाल्लं गेलेलं कुणाचंही सारखंच दिसतं. त्यासाठी होपेनं बघायची. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवाणूंच्या पडद्यांतून आलेले हे पाच कड्यांचे रेणू ऊन, लाटा, जीवाणू यांना सहजासहजी दाद देत नाहीत. कॉलमातून ती अगदी उशिरा, ओव्हन माथ्यावर पोचला की उतरतात, आणि मास स्पेक्ट्रोमीटरला फक्त १९१ वजनाचा तुकडा मोजायला सांगितलं की टेकडी नाहीशी होऊन होपेनांची टोकं स्वच्छ उभी राहतात. कोण किती उंच, कुणाचं कुणाशी काय प्रमाण, हा त्या त्या तेलाचा ठसा. इथे एकेका टोकाचं नाव फारसं महत्त्वाचं राहत नाही, प्रमाणं महत्त्वाची. तिरफळाच्या तेलात जी सवय लागली, नावामागे धावायची, ती इथे सोडावी लागते.

संशयित जहाजाच्या टाकीतला नमुना आणि वाळूवरचा गोळा जुळवायचे असतील तर दोन्ही एकाच यंत्रावर, एकाच कॉलमात, एकाच चढाने, शक्यतो एकामागोमाग चालवायचे. कॉलमचं टोक पाच सेंटिमीटर कापलं, लेप थोडा झिजला, चढ मिनिटाला अर्ध्या अंशाने हलला, तरी वेळा सरकतात. मध्ये एकदा ब्लँक, मध्ये एकदा ओळखीच्या तेलाचा नमुना, म्हणजे यंत्र कुठल्या बाजूला सरकतंय ते दिसत राहतं. आणि गोळा नेहमी टाकीतल्या मालानंतर टोचायचा, आधी नाही. तो घाण असतो, इंजेक्टरची काच काळी करतो. काच बदलायची, ओव्हन माथ्यावर नेऊन थोडा वेळ तसाच तापू द्यायचा, उरलंसुरलं वाहून गेलं की पुन्हा साठ अंशांवर आणायचा.